जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच: पार्ट निवडताना काय बघायचं

सातारा-सांगली भागात जुनी स्पोर्टी गाडी घेणाऱ्या नव्या मालकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "दादा, क्लच कुठल्या कंपनीचा टाकू?" कंपनी सगळ्यात शेवटी ठरते. गाडीत आत्ता काय बसलंय, ते मूळचं आहे की आधीच्या मालकाने जमवलेलं, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट घासते) कोणत्या अवस्थेत आहे आणि गाडी तुम्ही कुठे, कशी चालवता, हे त्याच्या आधी कळायला हवं. वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीत मॉडेलचं नाव आणि साल सांगून मागवलेलं किट बसेलच याची खात्री नसते. गिअरबॉक्स खाली, गाडी रॅम्पवर आणि हातात भलत्याच मापाची क्लच प्लेट, ही पाळी टाळायची असेल तर खालचा क्रम धरा.

क्लचच गेलाय ना?

गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी असते, त्यामुळे आधी हे पक्कं करा. महामार्गावर मोकळा सपाट पट्टा बघून चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासच्या आसपास एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच घसरतोय. थंड गाडीवर ही चाचणी अर्धवटच होते. यवतेश्वरचा घाट चढून वर पोचल्यावर लगेच पुन्हा करून बघा. सकाळी धडधाकट वाटणारा क्लच तापल्यावर खरं काय ते दाखवतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. पेडल दाबल्यावर घर्रर्र आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लच प्लेट ज्यावर बसते तो दांडा) बेअरिंग तपासायला हवं. नवीन क्लच किट टाकून तो आवाज जाणार नाही. रिव्हर्स टाकताना कर्रर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. त्याचं कारण प्लेट असू शकतं, पण ताणलेली केबल, हायड्रॉलिक लाइनमधली हवा किंवा गळका स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपाशी पोचवणारा) ही कारणं जास्त वेळा निघतात आणि त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. (काही गाड्यांमध्ये स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच, रिलीज बेअरिंगबरोबर असतो. तिथे मात्र उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.)

गाडी उचलताना सगळी बॉडी थरथरत असेल तर इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग आधी तपासा. जुन्या गाडीचं रबर इतकं बसलेलं असतं की नवा क्लच टाकूनही थरथर तशीच राहते.

आपल्याकडचा आणखी एक प्रकार. जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवली, विशेषतः जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला, की दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि प्लेट त्याला चिकटते. पेडल खाली जातं, पण गिअर पडत नाही. अशी प्लेट पुष्कळदा सुटते आणि पुढे चांगली चालते. म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका. पावसाळ्यात गाडी काढायची नसली तरी आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून क्लच दाबायचा आणि चार पावलं गाडी पुढे-मागे घ्यायची, एवढं केलं तर ही वेळ येत नाही.

गाडीची खरी ओळख

आरसी बुक, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि शक्य असेल तर गिअरबॉक्सवर कोरलेला कोड, या सगळ्यांचे फोटो काढा. एकाच मॉडेलच्या दोन सालांत क्लच बदललेला असतो आणि जुन्या गाडीत इंजिन किंवा गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा निघू शकतो.

काही उदाहरणं देतो. फियाट पालिओची १.६ ही २००१ साली आली. तिचं इंजिन सिएना आणि अ‍ॅडव्हेंचरमध्येही होतं, त्यामुळे शोधताना ती दोन नावंही विचारायची. दुकानदाराच्या फळीवर बहुधा १.२ चं किट असतं आणि 'पालिओ' एवढंच सांगितलंत तर तेच हातात येतं. १.६ हा आकडा ठासून सांगा. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटची उघडी गाडी बघितली असेल. तिचं ११४९ सीसीचं इंजिन रेनोचं आहे. त्यामुळे गाडीच्या नावाने काही मिळालं नाही तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कोडने रेनोच्या छोट्या गाड्यांच्या यादीत शोध घेता येतो. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे १.८ टर्बो, हिच्यात ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं, फ्लायव्हील आहे आणि तिथे विचारच वेगळा करावा लागतो. ते पुढे सांगतो.

बाहेरून आलेल्या गाड्यांतही हेच. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.६ इंजिनला २०० मिलिमीटरचा क्लच आहे आणि १.८ ला २१५ चा. कुणी १.६ गाडीला १.८ चं फ्लायव्हील लावून मोठा क्लच बसवलेला असतो. कागदावर गाडी १.६ आणि आत २१५ ची प्लेट. कागद बघून मागवलेलं किट अशा गाडीला बसणारच नाही. १९६२ ते १९८० या काळात निघालेल्या एमजीबीचं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, गोळ्यांचं नाही. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ते झटपट झिजतं. पोर्शे ९४४ च्या सुरुवातीच्या गाड्यांत प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगऐवजी रबर होतं आणि जुनं झाल्यावर ते फाटतं. तिथे मूळचाच पार्ट हवा असा हट्ट धरण्यापेक्षा स्प्रिंगची प्लेट घेणं शहाणपणाचं. ९४४ चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्याने क्लचपर्यंत पोचायला अर्धी गाडी उतरवावी लागते. अशा गाडीत एकदा उघडल्यावर सगळंच नवं टाकायचं, तिथे काटकसर नको.

उघडा, पुसा, मोजा

खरी निवड इथे होते, म्हणून यासाठी वेळ काढा आणि शक्यतो स्वतः गॅरेजवर हजर राहा.

पहिली काळजी धुळीची. जुन्या क्लच फेसिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंग (क्लचवरचं घुमटासारखं झाकण) उघडल्यावर मुलगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन हवा मारायला निघतोच, त्याला थांबवा. पाणी किंवा ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या, मास्क लावा.

आता जुनी प्लेट टेबलावर ठेवा आणि व्हर्नियर घ्या. बाहेरचा व्यास मोजा, मग फेसिंगचा आतला व्यास. मधल्या हबला जे दाते असतात, म्हणजे स्प्लाइन, त्यातल्या एकावर खडूने खूण करून गोल फिरत मोजा आणि दोनदा मोजा. एक दाता चुकला तर सगळा खटाटोप वाया. स्प्लाइनच्या भोकाचा आतला-बाहेरचा व्यास लिहा. हब कोणत्या बाजूला किती बाहेर आलाय तेही लिहा. हे सहसा कुणी बघत नाही, पण व्यास आणि दाते बरोबर असूनही हबची उंची वेगळी असली की तो फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो किंवा प्लेट शाफ्टवर पूर्ण सरकत नाही.

प्लेटच्या मध्ये स्प्रिंगा आहेत का ते बघा. साध्या, म्हणजे एकसंध फ्लायव्हीलच्या गाडीत इंजिनाचे झटके गिळायला या स्प्रिंगा लागतात. ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये ते काम फ्लायव्हीलच करतं, म्हणून तिथली प्लेट बहुधा बिनस्प्रिंगची असते. या दोन प्लेटांची अदलाबदल करता येत नाही.

फेसिंग रिव्हेटच्या डोक्यापासून किती वर उरलंय ते मोजा. ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर प्लेट संपली. पण फेसिंग जाड असूनही क्लच घसरत असेल तर प्लेट नाकापाशी धरा. जळका वास आणि काचेसारखी चकाकी असेल तर ती तापून गेलीय. काळपट ओलसर डाग असतील तर तेल आलंय, आणि मग क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ही दोन्ही सीलं अशा वेळी बदलूनच टाका. किमतीला किरकोळ वस्तू आहेत आणि त्यांच्यापायी नवी प्लेट बिघडली तर पुन्हा सगळी मजुरी भरावी लागते.

क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिचा चेहरा पट्टी लावून बघा. मध्ये उजेड दिसला, बारीक तडे किंवा निळे डाग दिसले, तर ती गेली. डायफ्रामच्या, म्हणजे तिच्यातल्या दाब देणाऱ्या चपट्या स्प्रिंगच्या, पाकळ्यांची टोकं एका पातळीत हवीत. रिलीज बेअरिंग त्या पाकळ्यांना आत ढकलतं की बाहेर ओढतं हे नोंदवा, कारण दोन्ही प्रकारचे क्लच असतात आणि दोन्हीची बेअरिंगं वेगळी असतात. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग किंवा बुश आहे का, तेही बघा. असेल तर यादीत लिहा. किटमध्ये ते येतंच असं नाही.

जुन्या पार्टवर कोरलेले सगळे नंबर फोटोत घ्या. पुसट असतील तर खडू घासून पुसा, आकडे उठून दिसतात. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये हे नंबर एकमेकांशी जुळवून दिलेले असतात, त्यामुळे एका कंपनीचा नंबर हाती लागला की बाकीच्यांचे सापडतात.

फ्लायव्हील

नवी प्लेट जुन्या खराब फ्लायव्हीलवर बसवली की ती महिन्याभरात थरथरायला लागते आणि मग दोष किटवर जातो. फ्लायव्हीलवर नखाला लागणाऱ्या रेघा, निळे गोल डाग, जाळीसारखे तडे आहेत का बघा. बारीक जाळी असेल तर घासून निघते. नख अडकेल असा तडा असेल तर ते फ्लायव्हील वापरू नका. ते हजारो आरपीएमला फिरणारं लोखंड आहे आणि तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर आहे.

घासायचं काम लेथपेक्षा सरफेस ग्राइंडरवर चांगलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत, कुपवाड-मिरजेला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं मशीन असलेला माणूस नक्की सापडतो. त्याला दोन गोष्टी आधी सांगा. कमीत कमी घ्यायचं, डाग निघेपर्यंतच. आणि प्रेशर प्लेट जिथे बोल्टने बसते ती कडा आणि प्लेट घासते तो भाग यांच्यात पायरी असेल, तर दोन्ही सारखेच घासायचे. फक्त आतला भाग घासला तर प्लेट आत जाते, डायफ्रामचा दाब कमी होतो आणि नवाकोरा क्लच घसरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान जाडी दिलेली असते, तिच्या खाली जायचं नाही.

ड्युअल मास फ्लायव्हील घासायचं नसतं. त्याचे दोन भाग हाताने उलट-सुलट फिरवून खेळ किती आहे, डगमगतं का, आतलं ग्रीस बाहेर आलंय का, एवढं बघायचं. खेळाची मर्यादा बनवणारी कंपनी देते. ऑक्टेव्हिया आरएसवाल्यांसमोर इथे खर्चाचा मोठा आकडा उभा राहतो, आणि म्हणून फोक्सवॅगन घराण्यातल्या दुसऱ्या गाड्यांचं एकसंध फ्लायव्हील आणि त्याला जुळणारी स्प्रिंगची प्लेट टाकायची पद्धत जगभर आहे. ते चालतं, टिकतं आणि पुढच्या वेळी स्वस्त पडतं. बदल्यात न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो. तो आवाज बिघाडाचा नसतो, पण रोज ऐकायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर रोज वापरायच्या गाडीत ड्युअल मासच ठेवा आणि रविवारच्या गाडीत एकसंध घाला.

किती दमाचा क्लच घ्यायचा

"रेसिंग क्लच टाक, पुन्हा बघायला नको," असा सल्ला हमखास मिळतो. त्याआधी थोडं गणित करू, अवघड नाही.

क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती, फेसिंगचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि फेसिंगची सरासरी त्रिज्या. यांचा गुणाकार करायचा. बाहेरून २०० आणि आतून १४० मिलिमीटर व्यासाची प्लेट धरा. तिची सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर. दाब ४,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि बाजू दोन धरल्या तर २ × ०.३ × ४,५०० × ०.०८५, म्हणजे जवळजवळ २३० न्यूटन-मीटर. इंजिन १५० न्यूटन-मीटरचं असेल तर हा क्लच दीडपट दमाचा झाला, भरपूर. इंजिन २१० चं असेल तर जेमतेम.

आता पसरणी घाट आठवा. मे महिन्यातला शनिवार, पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग आणि तुम्ही हाफ क्लचवर इंच-इंच वर सरकताय. फेसिंग तापलं की घर्षणांक घसरतो. तो ०.२५ झाला तर वरचा आकडा १९१ वर येतो. २१० च्या इंजिनाला तो पुरत नाही, क्लच घसरतो, घसरल्याने आणखी तापतो आणि काचेतून धूर दिसायला लागतो. १५० च्या इंजिनाला मात्र १९१ सुद्धा पुरतात. म्हणून इंजिन मूळचं असेल तर कंपनीच्या मापाचाच क्लच पुरेसा असतो. कारखान्यातून साधारण सव्वा ते दीडपट दम राखूनच तो दिलेला असतो. इंजिनात खरंच ताकद वाढवली असेल, टर्बोचं मॅपिंग बदललं असेल, तरच वरच्या दर्जाकडे बघा.

ताकद वाढवायचे तीन मार्ग आहेत आणि तिघांचीही किंमत वेगवेगळ्या जागी मोजावी लागते. प्रेशर प्लेट जड घेतली तर पेडल जड होतं, केबल आणि फोर्कवर (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) ताण येतो आणि क्लच दाबल्यावर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त रेटा बसतो. जुन्या इंजिनात हा रेटा महागात जाऊ शकतो. सिग्नलला पेडल दाबून थांबण्यापेक्षा न्यूट्रल करायची सवय अशा गाडीत फार उपयोगी पडते. फेसिंग बदलून सिरॅमिक घेतलं तर उष्णता छान पेलते, पण ते एकदम पकडतं. पोवई नाक्याच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते आणि फ्लायव्हीलही लवकर झिजतं. केव्हलरचं फेसिंग मऊ पकडतं आणि टिकतं, मात्र सुरुवातीचा बसण्याचा काळ संयमाने काढावा लागतो. त्या काळात एकदा तापवलं की चकाकी धरतं. तिसरा मार्ग मोठ्या व्यासाचा, एमएक्स-५ वाल्यांनी वापरलेला. सरासरी त्रिज्या ८५ ची ९० झाली तर तोच दाब आणि तेच फेसिंग २४३ पर्यंत पेलतं आणि पेडलही हलकं राहतं. जमण्यासारखं असेल तर मला हाच मार्ग सगळ्यांत पसंत आहे.

खंबाटकी, पसरणी, केळघर, कुंभार्ली या रस्त्यांवर आणि शहरात चालणाऱ्या गाडीला मी साधं ऑरगॅनिक फेसिंग सुचवतो. घाटात चढावर थांबलात तर गाडी हँडब्रेकवर धरा. क्लचवर धरून ठेवलीत तर वरचं कुठलंही गणित उपयोगाचं नाही.

पेडलपासून फोर्कपर्यंत

केबलची गाडी असेल तर केबल नवी घ्या, विषय संपला. हायड्रॉलिक असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरच्या बोअरची, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाची, मापं बघा. ती बॉडीवर कोरलेली असतात. "हा पण बसतो" म्हणून दुसऱ्या गाडीचा मास्टर बसवू नका. बोअर १५.८७ ऐवजी १९.०५ मिलिमीटर झाला तर क्षेत्रफळ १.४४ पट होतं, म्हणजे पेडल तेवढ्याच पटीने जड आणि चाल तेवढीच आखूड. मास्टरमध्ये रबरचं किट टाकायचं असेल तर आधी आतली भिंत बोटाने तपासा. खड्डे असतील तर नवं रबर पावसाळाही काढणार नाही. फ्लुइड गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलंच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, आणि ते सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. आणि चुकूनही इंजिन ऑइल त्या डबीत पडलं तर सगळी रबरं फुगून वाया जातात.

फोर्क, त्याचा टेकू आणि रबर बूट हे छोटे पार्ट ऑर्डरमधून राहून जातात. फोर्कवर जिथे बेअरिंग टेकतं तिथे खड्डा पडला असेल तर तो बदला.

कुठून आणायचं

आधी कंपनीचं काउंटर. गाडी बंद झाली तरी काही नंबर दुसऱ्या मॉडेलखाली अजून चालू असतात. मग पुण्यातली नाना पेठ. फोनवर विचारताना जुन्या पार्टचे फोटो आणि मापं आधी पाठवा, मगच भाव विचारा. पार्सल स्वारगेटहून संध्याकाळच्या गाडीने येऊ शकतं. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची दुकानं नव्या मालासाठी आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्यासाठी. जुनं फ्लायव्हील, फोर्क, बेल हाउसिंग अशा गोष्टी कुर्ल्याहून खुशाल आणा. वापरलेली प्लेट, प्रेशर प्लेट किंवा बेअरिंग मात्र कधीही आणू नका.

वालिओ, लुक, सॅक्स, एक्सेडी, आयसिन ही क्लच बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची नावं. तुमच्या गाडीला कारखान्यात यांपैकी ज्याचा क्लच बसला होता तोच पुन्हा घ्या, किंवा यांच्यातलाच दुसरा. प्लेट एकाची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्याची अशी जमवाजमव शक्यतो नको. डायफ्रामचा दाब ठरावीक जाडीच्या प्लेटसाठी बसवलेला असतो.

किट कुठेच मिळत नसेल तर जुनी प्लेट रिलाइन करून, म्हणजे तिच्यावर नवं फेसिंग लावून, घेता येते, आणि चांगल्या कारागिराचं हे काम विश्वासाचं असतं. त्यासाठी हबच्या स्प्रिंगा घट्ट, स्प्लाइन धारदार आणि दोन फेसिंगमधली लवचीक पत्री शाबूत हवी. रिव्हेट मारल्यावर प्लेट शाफ्टवर फिरवून बघा; कडेला साधारण एक मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर परत द्या. प्रेशर प्लेटसोबत बॅलन्सिंगही करून घ्या.

खोका उघडल्यावर

पार्सल आल्यावर गॅरेजला देण्याआधी घरी उघडा. खोक्यावर एमआरपी, महिना-साल, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला हवा. छपाई अंधुक, स्पेलिंग चुकीचं, पार्टवर कोरलेला नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळा, असं काही दिसलं तर तिथेच थांबा. पक्कं बिल घ्या. नकली मालाबद्दल भांडायला तेवढाच कागद असतो.

मग जुनी आणि नवी प्लेट पाठीला पाठ लावून धरा. व्यास, जाडी, हबची उंची जुळवा. नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. अलगद सरकायला हवी, पण खळखळ नको. बेअरिंग कानाशी धरून फिरवा. वर्षानुवर्षं गोडाउनमध्ये पडलेल्या मालात बेअरिंगचं ग्रीस सुकलेलं आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबर कडक झालेलं असतं. जुनी गाडी म्हटली की असा पडून राहिलेला माल मिळणारच. त्यातल्या प्लेट आणि प्रेशर प्लेटवर गंज नसेल तर त्या घ्या, बेअरिंग आणि रबर ताजं घ्या.

बसवताना

प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसून काढा आणि नंतर तिथे बोटं लावू नका. प्लेटवर "फ्लायव्हील साइड" किंवा तशी खूण असते, ती बघूनच बसवा. प्लेट मध्यावर धरायला प्लास्टिकची डमी शाफ्ट मिळते. नसेल तर टर्नरकडून मापाची करून घ्या किंवा जुना इनपुट शाफ्ट वापरा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील, आणि बऱ्याच युरोपियन गाड्यांत ते तसेच असतात, तर नवेच लावा. स्प्लाइनला ग्रीसचा फक्त हलका हात द्या. जास्तीचं ग्रीस फिरताना उडून थेट फेसिंगवर जातं.

एक गोष्ट मिस्त्रींना प्रेमाने पण आधीच सांगा: गिअरबॉक्स चढवताना तो जॅकवर नीट पेलायचा. इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये घालून गिअरबॉक्स लोंबकळत ठेवला की हब वाकतो, आणि मग नवी प्लेट पहिल्या दिवसापासून गिअर अडकवते.

पहिले पाचेकशे किलोमीटर गाडी गावात आणि सपाट रस्त्यावर चालवा. क्लच वारंवार दाबला-सुटला की फेसिंग फ्लायव्हीलवर बसतं. नुसतं महामार्गावर एका गिअरमध्ये अंतर कापून ते होत नाही. या काळात जोरात उचलायची नाही, पसरणीला जायचं नाही, कुणाची गाडी ओढायची नाही. थोडा वास पहिल्या एक-दोन दिवसांत येऊ शकतो. तो टिकून राहिला तर गॅरेज गाठा. पाचशे झाल्यावर केबलचा खेळ पुन्हा जुळवून घ्या, हायड्रॉलिकच्या डबीतली पातळी बघा आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकापाशी बोट फिरवून तेल तर लागत नाही ना ते तपासा. मोजलेली मापं, सगळे नंबर आणि फ्लायव्हील किती घासलं तो आकडा आरसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.